बाबांना डिप्रेशनची गोळी का दिली?

"बाबांना डिप्रेशन नाही, मग ही गोळी कशाला?" वडिलांना घेऊन आलेल्या मुलाचा पहिलाच प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) काका सत्तरीला टेकलेले, मधुमेह जुना. रात्री तळपायांची अशी आग व्हायची की अंगावरची चादरही सोसवत नसे. डॉक्टरांनी झोपताना अ‍ॅमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम दिलं होतं. मुलाने मोबाइलवर नाव शोधलं आणि घरभर भीती पसरली: आता सवय लागणार.

हे औषध 1960च्या दशकापासून नैराश्यासाठी वापरतात, हे खरंच. पण त्यासाठी डोस साधारण 75 ते 150 मिलिग्रॅम लागतो. काकांच्या पायांच्या आगीसारख्या नसांच्या दुखण्याला 10 पासून सुरुवात होते. त्याचं व्यसन लागत नाही. फक्त एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करायचं. त्यात क्लोरडायझेपॉक्साइड हे चिंता कमी करणारं औषध मिसळलेली गोळी मात्र वेगळी, तिची सवय लागू शकते. म्हणून पाकिटावर किती औषधांची नावं आहेत ते जरूर बघावं.

मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टींची. काकांना औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी दिलेलं ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक निघालं, सर्दीची झोप आणणारी गोळी निघाली. मग काका हळूच म्हणाले, "लघवीला बराच वेळ उभं राहावं लागतं. सकाळी उठलं की भिंत धरतो." प्रोस्टेटचा त्रास जुनाच होता, पण पायाच्या दुखण्यात त्याचं काय काम, म्हणून कुणी सांगितलाच नव्हता.

काम होतं. हे औषध लघवी अडवू शकतं, उठताना रक्तदाब उतरवतं. ट्रॅमाडॉलबरोबर फिट येण्याचा धोका वाढतो. नुकताच हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर ते देतच नाहीत.

गोळ्या किती आणल्यात, विचारलं. तीन महिन्यांच्या, आणि फ्रिजवरच्या उघड्या टोपलीत. घरात चार वर्षांचा नातू! या औषधाचा जास्त डोस थेट हृदयावर जातो. लहान मुलाच्या जिवाला थोड्या गोळ्याही पुरतात. काकांनाही मी स्पष्ट विचारलं, "दुखण्याला कंटाळून जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही. ते नाही म्हणाले, पण बायको गेल्यापासून कुणाशी बोलत नाही हेही म्हणाले. त्यासाठी आम्ही पुढे भेटत राहिलो.

औषध बदलणं माझं काम नाही. सगळ्या गोळ्यांची यादी आणि लघवीची, चक्करेची तक्रार कागदावर लिहून दोघांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ईसीजी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहून दुसरं औषध सुरू केलं, ट्रॅमाडॉल थांबवलं.

जाताना मुलाने विचारलं, उरलेल्या गोळ्या आत्याला द्यायच्या का, तिचं अर्धं डोकं दुखतं. अर्धशिशीवरही हे औषध देतात, पण आत्याला काचबिंदू आहे, आणि त्यात ते धोक्याचं ठरू शकतं. मी म्हटलं, एकही देऊ नका, तिला तिच्या डॉक्टरांकडे न्या.