पार्किन्सनच्या औषधाच्या ट्रायलवर पहिल्यांदाच काम करते आहेस म्हणून सांगते

प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायल कशी करायची याचा लेखी आराखडा, पाठ करायच्या मागे लागू नकोस, आधी पेशंटची डायरी वाचायला शीक. दर अर्ध्या तासाला पेशंट त्यात खूण करतो: औषधाचा असर आहे की उतरलाय, ‘ऑन’ की ‘ऑफ’. नवं औषध चाललं का, हे पुष्कळदा या खुणांवरूनच ठरतं. आमचे एक आजोबा सगळी पानं व्हिजिटच्या दिवशी बाकावर बसून, एका दमात भरायचे. शेजारी बसून विचारलं तेव्हा कळलं, हात थरथरतो म्हणून चौकटीत खूणच बसत नव्हती. प्रोटोकॉलमध्ये मुभा होती, त्यामुळे मग ते सांगायचे आणि आजी वेळच्या वेळी भरायच्या. चुकलेली नोंद कधी खोडरबरने किंवा व्हाइटनरने घालवू नकोस. एक रेघ मारून सही आणि तारीख टाक.

संमतीपत्राच्या वेळी तर अजिबात घाई नको. कागद घरी नेऊ दे, मुलांना वाचू दे. तुलनेसाठी काहींना बिनऔषधाची गोळी देतात, म्हणून ‘गोळीत औषध नसेलही’ हे स्पष्ट शब्दांत सांग. ट्रायल मध्येच सोडली तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, हेही. माणसं आशेने येतात गं, आणि आशेने आलेला माणूस न वाचता सही करतो.

प्रत्येक व्हिजिटला ‘मध्ये कुठे ऍडमिट झाला होतात का?’ असं विचारच. आपल्याकडच्या क्लिनिकल ट्रायलच्या 2019 च्या नियमांनुसार अशी गंभीर घटना घडल्यापासून 24 तासांत डॉक्टरांनी कळवावी लागते. म्हणून रविवारी रात्रीही नातेवाइकांचा फोन उचल.