शेक संपले, मंग आता कायचं रडू?

"मॅडम, आपरेशन झालं तवा नाही रडली, केस गेले तवा नाही रडली, अन् आता डॉक्टरनं तीन महिन्यानं या म्हटलं तर रोज रडून राहिली. माह्यं डोकं बिघडलं का?"

कॅन्सरची ट्रीटमेंट संपली की हा प्रश्न मला वर्षातून पाचसहा जणी तरी विचारतात, शब्द थोडे वेगळे असतात एवढंच. म्हणून एका ताईंची गोष्ट लिहिते. नाव लिहिणार नाही आणि ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी बदलल्यात. वर्धा जिल्ह्यातलं गाव, तळेगावकडचं, वय सेहेचाळीस, पाच एकर पऱ्हाटी नि तूर, घरात नवरा, सासू, मुलगा-सून आणि दीड वर्षाचा नातू.

गावातल्या आशा सेविका, म्हणजे आशाताई, त्यांना घेऊन आल्या होत्या आणि रजिस्टरमध्ये तक्रार लिहिली होती 'झोप येत नाही'. आमच्याकडे मनाचं काहीही असो, नोंद झोपेचीच होते, कारण झोपेची गोळी मागायला कोणी लाजत नाही. ताईंची फाईल बघितली तर डाव्या बाजूचं स्तन काढलेलं, काखेतल्या गाठी काढलेल्या, मग केमो, मग शेक म्हणजे रेडिएशन, आणि आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमोक्सिफेन, रोज एक गोळी, पाच वर्षं. नागपूरला तुकडोजी पुतळा चौकाजवळच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात सगळं झालं. डॉक्टर म्हणाले आता ठीक आहे. घरचे म्हणाले सुटलो बुवा. आणि त्याच आठवड्यापासून यांचं रडणं सुरू.

मी त्यांना विचारलं, शेगावला पायदळ गेलात का कधी? दोनदा गेल्या होत्या. पाय कधी दुखले, चालताना की घरी आल्यावर? म्हणाल्या, "घरी आल्यावर व, दुसऱ्या दिवशी खाली पाय टेकवत नव्हता." मग म्हटलं हे तेच आहे. वर्षभर तुम्ही चालत होत्या, दर एकवीस दिवसांनी ती केमोची लाल सलाईन, त्याच्या आधी रक्त तपासा, पेशी कमी आल्या की परत जा, महात्मा फुले योजनेचे कागद, रेशनकार्डावरचं नाव चुकलं म्हणून तहसीलला चकरा, मग रोजचे शेक. रडायला वेळ कुठे होता. आणि अजून एक गोष्ट झाली जी कोणाच्या लक्षात येत नाही, ट्रीटमेंट सुरू असताना रोज कोणीतरी विचारत होतं, जेवल्या का, उलटी झाली का, सिस्टर विचारायची, शेजारच्या बेडची बाई विचारायची, बहीण डबा घेऊन यायची. ट्रीटमेंट संपली तशी ती सगळी माणसं एकदम गेली. डोकं बिघडलेलं नाही, हे फार कॉमन आहे आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनाही माहीत असतं, फक्त ओपीडीत दोनशे पेशंट उभे असताना हे सांगायचं राहून जातं.

आता माझी चूक सांगते. मी त्यांना लगेच एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकलं, ब्रेस्ट कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांचा, मोठ्या शहरातल्या. चांगल्या बायका आहेत सगळ्या, पण तिथे बोलणं चालायचं सिलिकॉनच्या ब्राचं, रिकन्स्ट्रक्शनचं म्हणजे ऑपरेशननं स्तन परत बनवून घ्यायचं, जिममध्ये परत कधी जायचं. आणि ताईंकडे स्वतःचा फोन नव्हताच! नंबर मुलाचा. म्हणजे छातीबद्दलचे सगळे मेसेज तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात. मी विचारलंच नव्हतं. ताई तीन आठवडे आल्या नाहीत आणि मला वाटत राहिलं बरं वाटत असेल.

शेवटी आशाताईंसोबत मीच घरी गेले, आणि जे क्लिनिकमध्ये दहा वेळा विचारून कळलं नसतं ते ओसरीवर बसून दहा मिनिटांत दिसलं. ताईंची बाज मागच्या खोलीत, ताट-गिलास वेगळा ठेवलेला. नातू रांगत त्यांच्याकडे निघाला तसं सासूबाईंनी झपकन उचलून घेतलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

सासूबाईंना विचारलं, आजी, बाळाला का जाऊ देत नाही? "लाईटी घेतल्या न तिनं. अंगात राहते म्हने. लेकराले लागन." हे कोणी सांगितलं, तर गावातल्याच कोणीतरी. मला आजींचा राग आला नाही खरं सांगायचं तर, आपण 'शेक' म्हणतो, 'लाईट' म्हणतो, 'करंट' म्हणतो आणि त्या मशीनखाली माणसाला एकटं ठेवून सगळे दार लावून बाहेर पळतात, मग बाईला वाटणारच ना की काहीतरी भयंकर अंगात भरतात. मी सांगितलं, आजी, खोलीतला लाईट बंद केला की उजेड खोलीत उरतो का? हात मोडला तेव्हा एक्सरे काढला होता ना तुम्ही, तो राहिला का अंगात? बाहेरून मशीनने दिलेला शेक तसाच, मशीन बंद झालं की संपलं. त्यांच्याजवळ लेकरू झोपलं तरी काही होत नाही. आणि कॅन्सर उष्ट्यानं, ताटानं, कपड्यानं लागत नाही.

मग खरं कारण निघालं. "ते ठीक आहे, पन काहीतरी पाप असनच न मागल्या जन्माचं." समोर भिंतीवर तुकडोजी महाराजांचा फोटो, हार घातलेला. आजी माहेरच्या मोझरीकडच्या, लहानपणी सामुदायिक प्रार्थनेला बसलेल्या. मी म्हटलं, आजी, महाराज कशानं गेले माहीत आहे? 1968 साली, कॅन्सरनंच. ज्या दवाखान्यात तुमची सून बरी झाली त्याला त्यांचंच नाव आहे. महाराजांनी कोणतं पाप केलं होतं?

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग "महाराजाले पन?" एवढंच म्हणाल्या आणि उठून चहा ठेवायला गेल्या. कोणाला वाटेल इथे आजींनी सुनेला मिठी मारली असेल, तसं काही झालं नाही. गिलास अजून महिनाभर वेगळाच होता. पण नातवाला उचलणं त्या दिवसापासून थांबलं, आणि ताईंचं म्हणाल तर त्यांना गिलासाचं काही नव्हतंच, लेकराचं होतं.

नवऱ्याचं वेगळं प्रकरण. ते रात्री वावरात झोपत होते, जागलीला. हरभऱ्यात रानडुकरं, रोही येतात हे खरंच आहे, पण हरभरा निघून गेला तरी यांची जागल सुरूच. ताईंनी मनात पक्कं धरलं होतं की मी आता बाई राहिली नाही म्हणून त्यांना किळस येते. विचारलं का कधी? "असं कोनी इचारते का मॅडम." मी दादांशी बाहेर गाडीजवळ उभी राहून बोलले, समोरासमोर बसवलं असतं तर ते तोंड उघडत नव्हते. म्हणाले, "टाके होते न तिले, झोपेत हात लागन असं वाटे. मंग सवय पडली." यातलं अर्धं खरं असेल, अर्धं स्वतःची भीती असेल, मी खोदलं नाही. मग त्यांनीच विचारलं, ती रात्री एकदम गोधडी फेकून देते, घामानं भिजते, ताप आहे की माझ्यावर राग आहे? टॅमोक्सिफेनने हे होतं, अंगातून वाफा निघतात, पाळी जातानासारखं. ही गोष्ट नवऱ्याला कोणीच सांगितली नव्हती. चिठ्ठीत गोळीचं नाव असतं, गोधडीचं नसतं.

दादांना मी 'बायकोला भावनिक आधार द्या' असं म्हटलं असतं तर ते हो म्हणून पुन्हा वावरात गेले असते. त्यांना एक काम दिलं. काखेतल्या गाठी काढल्या की खांदा आखडतो, म्हणून फिजिओने भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम दिला होता, तो ताईंनी कंटाळून सोडला होता. दादांनी रोज संध्याकाळी बाजूला उभं राहायचं, कोपराला हलका हात द्यायचा, आणि रविवारी जिथपर्यंत बोटं पोचली तिथे कोळशानं रेघ मारायची. बस. बोलायची सक्ती नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा हात ताईंना लागला तो या निमित्तानं. पुढच्या भेटीत भिंतीवर पाच रेघा होत्या आणि जागल बंद झाली होती, दोन्हीचा संबंध मी विचारला नाही.

बाकी आधाराचं पण असंच केलं, ज्याला जे जमतं तेच मागायचं. नणंद गावातच, तोंडानं खमकी, तिच्याकडे पाहुणे. पेशंटला 'पाहायला' येणारे लोक काय बोलतात हे तुम्हाला माहीतच आहे, "माझ्या चुलत सासूला पण असंच झालं होतं, दोन वर्षांनी गेली बिचारी." तर नणंदेनं ओट्यावरच चहा पाजून त्यांना परत पाठवायचं. सुनेकडे घरातली जड उचल. आशाताईंकडे एकच, गावात कोणीही बीपी घेतला, इंजेक्शन दिलं तर उजव्या हाताला, काखेतल्या गाठी काढलेल्या डाव्याला नाही, आणि डाव्या हाताला सूज दिसली की लगेच सांगायचं. यात 'धीर धर', 'तू तर फायटर आहेस' हे कोणाकडेच दिलं नाही. फायटर म्हटलं की बाईला रडायची सोय राहत नाही, माझं मत आहे.

तरी एक जागा रिकामीच होती. घरच्या कोणाला हे झालेलं नव्हतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताई गेल्या नाहीत, कारण लुगड्यातून एक बाजू सपाट दिसते. हे ना नणंदेला सांगता येत, ना मला, माझ्यासमोर त्या पदर सावरत बसायच्या. मला माझ्या एका जुन्या पेशंटची आठवण झाली, दहाअकरा किलोमीटरवरच्या गावातल्या मावशी, नऊ वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या, बाजारात भाजी विकतात. आधी मावशींना विचारलं, मग ताईंना विचारलं, दोघी हो म्हटल्यावरच नाव-गाव सांगितलं. हे लिहून ठेवते कारण खेड्यात 'तिला पण झालाय ना' असं परस्पर सांगून टाकणारे खूप आहेत, त्यात नर्स-डॉक्टर पण आले.

बाजाराच्या दिवशी दोघींना माझ्या खोलीत बसवलं आणि मी बाहेर गेले. म्हणजे जाणारच होते, पण मावशींनी मला जाऊच दिलं नाही, पहिलं वाक्य हेच, "मॅडम, दार लावा." आणि ब्लाऊजमधून आपली 'ती' काढून टेबलावर ठेवली. मऊ जुन्या लुगड्याची पिशवी, आत घरचा कापूस, आणि वजनासाठी मधे पुरचुंडीत थोडी मोहरी. नुसता कापूस असला की वर सरकते म्हणाल्या, अन् एका बाजूनं शरीर हलकं झालं की खांदा वाकडा होतो. जखम पूर्ण भरल्याशिवाय मोहरीची घालू नको, नुसत्या कापसाची घाल. धुवायची असली की मोहरी काढून घे, "नाही तं उगवते!" ताई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. मग मावशी म्हणाल्या, "मी नऊ वर्सं झाली जिवंत आहो. पन पहिले दोन वर्सं तपासनीच्या आदल्या दिवशी मले हमखास संडास लागे, भेवानं. तुले नाही लागत?" ताईंनी मान हलवली, लागते. त्यांना वाटत होतं ते पण कॅन्सरच, आता पोटात गेला.

ही भीती पूर्ण जात नाही आणि 'काही होणार नाही' असं मी कोणालाच सांगत नाही, कारण ते माझ्या हातात नाही. मी एवढंच ठरवून देते की नवीन गाठ, जखमेच्या जागी काही बदल, किंवा दोन आठवडे हटत नाही असं नवीन हाडाचं दुखणं, खोकला, दम, हे तारखेची वाट न बघता दाखवायचं. निंदण करून एक दिवस कंबर दुखली तर ती निंदणाची कंबर. ताईंनी हे पोराकडून कागदावर लिहून घेतलं आणि देवाच्या फडताळात ठेवलं.

झोप मात्र एवढं सगळं होऊनही सहा आठवड्यांनी सुधारली नव्हती, जेवण कमी, सकाळी उठावंसं वाटत नाही. तेव्हा मी त्यांना जिल्ह्याला मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं, कारण उदासपणाचा आजार मावशीच्या गप्पांनी जात नाही. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं 'टॅमोक्सिफेन सुरू आहे', कारण डिप्रेशनच्या काही गोळ्या, जसं पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, टॅमोक्सिफेनचं काम कमी करतात, डॉक्टर मग दुसरी देतात. तुम्ही पण सांगा, विसरू नका, आणि घरात आधीच अशी गोळी सुरू असेल तर स्वतः बंद करू नका, डॉक्टरला विचारा. ज्यांना मरण बरं असं वाटू लागलंय त्यांनी तर माझ्या ओपीडीच्या दिवसाचीही वाट बघू नये, टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, 14416, रात्री दोनला पण उचलतात, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आता दोघी तपासणीची तारीख एकाच दिवसाची मागून घेतात. सकाळच्या एसटीनं तळेगावहून बसतात, बायकांना अर्धं तिकीट आहेच, कोंढाळीला चहा. ताईंचं रडणं रोजचं राहिलं नाही, अधूनमधून असतं. परवा फोन आला, यावेळी स्वतःच्या नंबरवरून, साधा बटणाचा फोन दादांनी घेऊन दिलाय.

"मॅडम, बाराले तारीख आहे. मावशीले कालपासूनच संडास लागली म्हने. मले नाही लागली अजून."