विचारा, सांगते : कल्ल्यांतलं संशोधन

प्रश्न : मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माशांवरचे परजीवी आणि स्पंज, प्रवाळ यांच्या अंगाखांद्यावर राहणारे सहजीवी कोपेपॉड (खेकडा-कोळंबीच्या मोठ्या गटातले बारीक जलचर) यांवर पुढे पीएच.डी. करायची आहे. पण आपल्या वडोदऱ्याला समुद्र नाही आणि हा विषय शिकवणारं जवळपास कुणी भेटलं नाही. ओळखीचे एक सर म्हणतात, आता डीएनएवरून ओळख पटते, सुईने अवयव सुटे करून बघायचं काम शिकण्यात वर्षं घालवू नकोस. मॅडम, तयारी कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार

समुद्र नाही, पण मासळी बाजार आहे ना! वेरावळचा मासा बर्फात घालून इथवर येतोच. कापून देणाऱ्या बाईंना आधी सांगून ठेव, मग टाकून द्यायची डोकी आणि कल्ले त्या तुला बाजूला काढून देतील. मात्र मासा कापण्याआधी तो अख्खा बघून त्याचं शास्त्रीय नाव पक्कं कर. यजमानाचं नाव चुकलं की वरच्या परजीवीची नोंदही वाया गेली. बाजारातल्या मासळीबद्दल ‘पकडल्याचं ठिकाण विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे’ असंच लिही, त्यात कमीपणा नाही. लेबल साध्या पेन्सिलीने कागदावर लिहून बाटलीच्या आत टाक. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेलं लेबल कधी गळून पडतं कळतही नाही.

अल्कोहोलवरून आठवलं. आपल्या गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा इथेनॉल परवान्यावरच मिळतं. विभागाच्या परवान्यात तुझी गरज वेळेवर घालून घे, नाहीतर मासा दारात आणि बाटली रिकामी. रचना बघायचे नमुने 70 टक्क्यांत, डीएनएसाठीचे 95 टक्क्यांत ठेव. फॉर्मॅलिन डीएनएचं वाटोळं करतं.

आता सरांचं म्हणणं. डीएनए काढायला शीक, जरूर शीक. पण तुझा अनुक्रम, म्हणजे डीएनएतल्या घटकांचा क्रम, जुळवायचा कशाशी? आधी कुणीतरी तो प्राणी नीट ओळखून, त्याचा अनुक्रम नावासह नोंदवलेला असेल तरच ना? परजीवी कोपेपॉडांच्या कितीतरी जातींचा अनुक्रम अजून कुणी नोंदवलेलाच नाही. ती नोंद करणारा माणूस सुई धरणाराच असणार. म्हणून मी उलट क्रम सांगेन : पहिलं वर्ष हाताचं, यंत्राचं नंतर.

तेही थेट परजीवींपासून सुरू करू नकोस. तळ्याचं पाणी बारीक जाळीतून गाळ आणि सायक्लॉप्स हा साधा, मुक्त पोहणारा कोपेपॉड घे. त्याचे पायांचे जोड, स्पर्शिका, मुखांगं सुटी करून प्रत्येकाचं चित्र काढ. कारण असं की परजीवी मादी पुष्कळदा ओळखू येण्यापलीकडे बदललेली असते. लर्निया हा माशांवरचा परजीवी कोपेपॉड बघ. मादी माशाच्या मांसात डोक्याचा नांगर रुतवून बसते, बाहेर नुसता दोरा लोंबतो. नर मीलनानंतर मरून जातो. पण तिची पिल्लं पाण्यात पोहताना कुठल्याही कोपेपॉडच्या पिल्लांसारखीच दिसतात. मुक्त कोपेपॉडांत साधारणपणे नॉप्लियसच्या (अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या) 6 अवस्था असतात, लर्नियात 3. मूळ आराखडा बोटांत बसलेला असेल तर काय गळालं, काय जुळून गेलं ते तुला दिसेल. एर्गॅसिलस या कल्ल्यांवरच्या कोपेपॉडमध्ये तर फक्त मादी परजीवी असते. नर हवा असेल तर कल्ल्यांत शोधून काय उपयोग? तो पाण्यातच हिंडत असतो.

अवजारांना फार पैसे लागत नाहीत. 1964 साली ह्यूम्स आणि गुडिंग यांनी एक पद्धत छापली, ती आजही चालते. स्लाइडच्या मापाची लाकडी पट्टी घ्यायची, मधे गोल भोक, त्यावर कव्हरस्लिपचा तुकडा. त्यावर लॅक्टिक ॲसिडचा थेंब आणि थेंबात प्राणी. पट्टी उलटी केली की थेंब खाली लोंबतो आणि तुम्ही मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघता. पुन्हा सुलटी केली की सुईने पाय वळवता येतो. लॅक्टिक ॲसिडने आतले स्नायू पारदर्शक होतात आणि आकसलेलं शरीर जरा फुलतं. पट्टी ओळखीच्या सुताराकडून करून घे. सुयांसाठी कीटक टोचायच्या सर्वांत बारीक टाचण्या काडीला चिकटव. ज्यांनी ही पद्धत दिली त्या आर्थर ह्यूम्स यांनी प्रामुख्याने सहजीवी कोपेपॉडांच्या शेकडो नव्या जातींची वर्णनं केली, हे लक्षात असू दे.

चित्र कॅमेरा ल्युसिडा (सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर गिरवू देणारं साधन) लावून काढ. फोटो काढ, पण फोटोवर भागवू नकोस. फोटोत एकाच खोलीचा थर स्पष्ट येतो आणि मागचा रोम (बारीक केस) हरवतो. पायांवरचे काटे रोमन अंकांत आणि रोम साध्या अंकांत मांडायची रीत आहे. ते कोष्टक भरताना डोळा आपोआप तयार होतो. डाव्या पायावर 5 आणि उजव्यावर 4 रोम मोजलेस तर लगेच ‘नवी जात’ म्हणून उड्या मारू नकोस. बहुधा एक तुटलेला असतो.

सहजीवींचं काम मात्र सध्या बाजूला ठेव. जामनगरकडचं सागरी राष्ट्रीय उद्यान मोहात पाडणारं आहे, पण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तुकडाही उचलता येत नाही. ती वाट मार्गदर्शक आणि संस्था पाठीशी असतानाच धरायची. वाचनासाठी एन. कृष्ण पिल्लै यांचा ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेतला सागरी माशांवरच्या परजीवी कोपेपॉडांचा ग्रंथ (1985) मिळव. भारतीय विद्यार्थ्याने सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : आमची मुलगी ‘माशांच्या उवांवर’ संशोधन करणार म्हणते. याचा जगाला काही उपयोग? नोकरी मिळेल का?
– एक वडील, रावपुरा

उपयोगाचं आधी सांगते. नारूचा जंतू माणसात यायचा तो पाण्यातल्या सायक्लॉप्सच्या पोटातून. गुजरात, राजस्थानात पायऱ्यांच्या विहिरींनी तो पसरवला. पाणी कापडाने गाळायला लावणं हा त्यावरचा मोठा उपाय होता. 1996 मध्ये राजस्थानात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. ‘माशांच्या उवा’ म्हणजे आर्ग्युलस. ती कोपेपॉड नव्हे, वेगळ्या गटातली आहे, पण कटला-रोहूच्या तळ्यांचं नुकसान करते. ती अंडी कठीण पृष्ठभागावर घालते, हे कुणीतरी बघितलं म्हणून तळ्यात फळ्या सोडून अंड्यांसकट बाहेर काढायची युक्ती निघाली. नॉर्वेत सामन माशावरच्या परजीवी कोपेपॉडने मत्स्यशेतीची झोप उडवली आहे.

नोकरीचं खरं सांगायचं तर जागा थोड्या. कोलकात्याची भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था, कोचीची केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था, मत्स्य महाविद्यालयं. तिला नेट परीक्षा वेळेत द्यायला सांगा आणि मत्स्यरोगांचा अभ्यास जोडीला ठेवू द्या. अडवू मात्र नका.

प्रश्न : हलव्याच्या तोंडात पांढरट किडा निघाला. मासा फेकला. बरोबर केलं का?
– एक गृहिणी, कारेलीबाग

फेकायची गरज नव्हती. तो आयसोपॉड, कोळंबीचा लांबचा नातेवाईक. माणसाला त्याची लागण होत नाही. मासा ताजा असेल तर किडा काढा, धुवा, नीट शिजवा. माशांच्या तोंडात राहणारे या गटातले प्राणी आधी नर असतात आणि पुढे मादी होतात. पुन्हा सापडला तर वरच्या दांडिया बाजारच्या मुलीसाठी ठेवा. हलव्याचं डोकंही द्या.