2017 सालचं अ‍ॅप नव्या मोबाइलवर प्ले स्टोअरमध्ये का सापडत नाही?

प्रश्न: कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आमची गुळाची अडत आहे. रोजचे दर कळवायला 2017 साली अँड्रॉइड अ‍ॅप करून घेतलं. जुन्या मोबाइलवर ते अजून उघडतं, पण नव्या मोबाइलवर प्ले स्टोअरमध्ये दिसतच नाही. नोटिफिकेशनही येत नाहीत. नवीन अ‍ॅप करावं का?

उत्तर: घाई करू नका. तुमचं अ‍ॅप होतं तसंच आहे, भोवतीचे नियम बदललेत. 2008 साली अँड्रॉइड मार्केट सुरू झालं तेव्हा अ‍ॅप एकदा चढवलं की राहायचं. 2012 मध्ये त्याचं गूगल प्ले झालं आणि 2018 पासून दरवर्षी अट वाढत गेली.

अ‍ॅप कोणत्या अँड्रॉइडसाठी बांधलंय, हा आकडा त्याच्या आतच नोंदलेला असतो. त्याला टार्गेट एपीआय म्हणतात. 31 ऑगस्ट 2025 पासून नव्या अ‍ॅपला आणि प्रत्येक अपडेटला तो किमान 35, म्हणजे अँड्रॉइड 15, लागतो. आधीपासून असलेल्या अ‍ॅपला किमान 34. त्याखालचं अ‍ॅप, त्याच्या आकड्यापेक्षा नवं अँड्रॉइड असलेल्या मोबाइलवर नव्या गिऱ्हाइकाला दाखवलंच जात नाही. ज्यांनी पूर्वी घेतलंय त्यांना मात्र मिळतं. तुमचं नेमकं हेच झालेलं दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके (अ‍ॅप बसवायची फाइल) पाठवून भागेल असंही नाही: आकडा 23 च्या खाली असेल तर अँड्रॉइड 14 ते बसवूच देत नाही, अँड्रॉइड 15 वर ती मर्यादा 24 आहे. शिवाय अ‍ॅपमध्ये फक्त 32 बिटचा नेटिव्ह कोड (जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठी थेट बांधलेला भाग) असेल, तर 2021 पासून 64 बिटच्या मोबाइलला प्ले ते देत नाही.

नोटिफिकेशनचं दुखणं वेगळं आहे. त्या काळात बरीच अ‍ॅप्स गूगल क्लाउड मेसेजिंग या नोटिफिकेशन पोचवणाऱ्या सेवेवर चालायची. ती सेवा 2019 मध्ये बंद झाली. नंतर तेच काम करायला आलेल्या गूगलच्या फायरबेसची जुनी पद्धतही 2024 मध्ये बंद व्हायला लागली, त्यामुळे नुसतं अ‍ॅप नाही, सर्व्हरवरचा कोडही बदलावा लागेल. अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते, ती मागायचं राहिलं की दर पोचत नाहीत आणि कारणही लवकर सापडत नाही. अ‍ॅप मोबाइलमधून एसएमएस पाठवत असेल तर तो भाग काढून टाका, 2019 पासून त्या परवानगीवर कडक बंधनं आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तीन गोष्टी हातात आहेत का ते आधी बघा: प्ले कन्सोलचं (अ‍ॅप चढवायच्या खात्याचं) लॉगिन, सोर्स कोड म्हणजे अ‍ॅपचा मूळ प्रोग्रॅम, आणि अपडेट खऱ्या मालकाचंच आहे अशी डिजिटल सही करायची कीस्टोअर फाइल पासवर्डसह. अ‍ॅप बनवणाऱ्याच्याच खात्यावर असेल तर 25 डॉलर एकदाच भरून स्वतःचं खातं काढा आणि अ‍ॅप रीतसर हस्तांतरित करून घ्या, डाउनलोड आणि रिव्ह्यू कायम राहतात. कीस्टोअर हरवली असेल आणि अ‍ॅप ‘प्ले अ‍ॅप साइनिंग’मध्ये (सहीची किल्ली गूगलकडे ठेवायच्या सोयीत) नसेल, तर प्ले स्टोअरवरच्या त्याच नोंदीवर अपडेट कधीच चढत नाही. मग नव्या पॅकेज नावानं (प्ले स्टोअरवरच्या नव्या ओळखीनं) सुरुवात, आणि जुन्या गिऱ्हाइकांना नवीन लिंक.

खातं पेढीच्या नावानं, संस्था म्हणून काढा. त्याला डी-यू-एन-एस क्रमांक, म्हणजे व्यवसायाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतो, तो मिळायला वेळ जातो म्हणून अर्ज आधी टाका. 13 नोव्हेंबर 2023 नंतरच्या वैयक्तिक खात्याला नवीन अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. मधेच कुणी बाहेर पडून संख्या 12 च्या खाली गेली की पंचाईत होते, म्हणून वैयक्तिक खातेवाल्यांनी पंधरा-अठरा माणसं धरावीत. नव्या अ‍ॅपला एपीके चालत नाही, एएबी ही नव्या प्रकारची फाइल लागते. डेटा सेफ्टीचा (वापरणाऱ्यांची कोणती माहिती घेता याचा) फॉर्म आणि प्रायव्हसी पॉलिसीची लिंकही द्यावी लागते.

माझं स्पष्ट मत: फक्त दर कळवायचे असतील तर अ‍ॅप ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅप चॅनल आणि साधं वेबपेज पुरे, त्यांना टार्गेट एपीआयची अट नाही. व्यापाऱ्यांची खाती, पट्ट्या, ऑर्डर अ‍ॅपमध्येच असतील तर मात्र दुरुस्ती करा, आणि दरवर्षीच्या अपडेटचा खर्च करारातच लिहून घ्या. काम जूनमध्ये सुरू करा. 31 ऑगस्टची मुदत चुकली तर गूगलकडे मागून 1 नोव्हेंबरपर्यंत वाढवून घेता येते, पण तोवर गुऱ्हाळं पेटलेली असतात.