'लॉज उघडले' म्हणजे लॉज स्थापन झालं का?

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांचे पणजोबा बेळगावात कॅम्पातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते, त्यांच्या जुन्या वहीत "सायंकाळी लॉजास गेलो" असं वरचेवर येतंय आणि एका पानावर तारखेसकट "लॉज उघडले" असं लिहिलंय. घर बेळगावातच असताना हा माणूस लॉजवर कशाला जायचा, असं घरात सगळ्यांना वाटायचं, मग कुणीतरी सांगितलं की हे फ्रीमेसन लोकांचं, म्हणजे जुन्या गवंड्यांच्या रिवाजांवर चालणाऱ्या आणि बंद दाराआड बैठका घेणाऱ्या एका मंडळाचं, लॉज असणार. तर आता घराण्याच्या इतिहासात ती तारीख लॉजच्या स्थापनेची म्हणून घालावी का, असं विचारलंय.

ताई, नका घालू. का ते सांगतो, पण आधी लॉज या शब्दाकडं जाऊन येऊ.

आपल्याकडं लॉज म्हटलं की स्टँडजवळची 'बोर्डिंग अँड लॉजिंग' ही पाटी डोळ्यापुढं येते, दुसरा अर्थ सुचतच नाही. पण इंग्रजीत हा शब्द फ्रेंचातून आला आणि त्याच्याही मागं जुन्या जर्मनिक बोलीतला पानापाल्याच्या मांडवाचा शब्द आहे. म्हणजे आडोसा, खोपट. युरोपात मोठी चर्चं बांधायला पिढ्या जायच्या, तेव्हा दगड घडणाऱ्या गवंड्यांसाठी बांधकामाला लागूनच एक छप्पर घातलेलं असायचं, हत्यारं तिथंच, जेवण तिथंच, पाऊस आला की दगड घडवणं पण तिथंच, त्याला लॉज म्हणायचे. तुमच्या गल्लीत कुठं बांधकाम चालू असेल तर पत्र्याच्या शेडमध्ये डोकावून बघा, खिळ्याला ओळंबा अडकवलेला, कोपऱ्यात गुण्या, पाटीत थापी, जेवणाचे डबे, आणि दुपारच्याला सिमेंटच्या पोत्यांवर आडवा झालेला एखादा गौंडी. लॉज ते हेच. फ्रीमेसनांच्या चिन्हात जो काटकोन आणि कंपास दिसतो तो काटकोन म्हणजे आपला गुण्याच की.

पुढं त्या छपराचं नाव तिथल्या माणसांनाच लागलं. आपल्याकडं 'तालीम' शब्दाचं असंच झालंय, तालीम म्हणजे ती जागा पण आणि तिथली पोरं पण, "आमची तालीम मिरवणुकीत पुढं होती" म्हणतो तेव्हा काय भिंती चालत गेल्या नसतात. लॉज तसंच. स्कॉटलंडात १५९९ सालापासूनच्या लॉजच्या बैठकींच्या नोंदी आहेत, नंतर हळूहळू गवंडीकाम न करणारी माणसंही त्यात आली, लंडनला १७१७ साली चार लॉजनी मिळून ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांच्या वरची मुख्य संस्था, केलं असं परंपरेनं मानतात, आणि १७३० च्या सुमाराला कलकत्त्यात, १७५८ ला मुंबईत इंग्रजांबरोबर हे प्रकरण आपल्याकडं आलं. मुंबईत १८४३ साली हिंदी लोकांना घेण्यासाठी म्हणून 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं, तेव्हा तुमच्या पणजोबांसारखा माणूस लॉजला जात असेल तर त्यात अशक्य काही नाही.

लोकांनी याला काय काय नावं ठेवली होती ते फार बघण्यासारखं आहे. बंद दाराआड काय चालतंय कळेना, म्हणून उत्तरेत 'जादूघर'. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात ते आहेच, शिवाय मुंबईकडं 'सैतानखाना' म्हणतात असं दिलंय, आणि दक्षिणेत तर तमिळमध्ये 'मुंडकं तोडायचं देऊळ', कारण आत नव्या माणसाचं डोकं कापून परत बसवतात अशी समजूत! पणजोबांनी मात्र सरळ 'लॉजास' लिहिलंय, यावरून मला वाटतं ते बाहेरून ऐकून लिहीत नव्हते, आतल्या लोकांची भाषा त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

आता 'उघडले'. आपण दुकान उघडलं म्हणतो त्याचे दोन अर्थ होतात, नवीन काढलं किंवा आज सकाळी फळ्या काढल्या. फ्रीमेसनांत हा दुसरा अर्थ चालतो. प्रत्येक बैठकीला सभासद जमले, दाराबाहेर पहारेकरी उभा राहिला की प्रमुख ठरलेल्या शब्दांत लॉज उघडतो आणि शेवटी तसंच बंद करतो. म्हणजे ती बहुतेक एका संध्याकाळच्या बैठकीची नोंद आहे.

स्थापना ठरते ती सनदेवरून. इंग्रजीत वॉरंट किंवा चार्टर म्हणतात, पण 'सनद' इतका नेमका शब्द आपल्याकडं असताना दुसरा कशाला शोधायचा. ही सनद इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंडच्या ग्रँड लॉजकडून यायची आणि तिच्याबरोबर लॉजला नंबर मिळायचा, इमारत नसली तरी चालतं पण सनद नसेल तर लॉज नाही. नंबर जपून वाचा, कारण इंग्लंडच्या यादीतले नंबर १८६३ साली बदललेत आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया झाल्यावर तिकडं गेलेल्या लॉजना नवे नंबर आले, त्यामुळं एकाच लॉजचे दोन नंबर दिसले तर दोन लॉज समजू नका.

तेव्हा तुमच्या लेखात "लॉजच्या बैठकीस गेले" असं लिहा. आणि वही परत एकदा सावकाश चाळा. नव्या लॉजच्या प्रतिष्ठापनेला धान्य, द्राक्षाची दारू, तेल असं वाहतात, इंग्रजी पद्धतीत मीठ पण, म्हणून लॉजच्या नोंदीशेजारी हे जिन्नस एकत्र दिसले तर वाणसामानाची यादी समजून पान उलटू नका, त्या पानाचा फोटो मला पाठवा.