हिमवादळात कामावर जाताना गाडी रुतली, तर हीटरसाठी इंजिन चालूच ठेवावे का?

इंजिन सलग चालू ठेवू नये. तासाला सुमारे 10 मिनिटे चालवावे आणि दर वेळी सुरू करण्यापूर्वी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीचे तोंड व भोवतालचा बर्फ मोकळा करावा, अशी अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचीही सूचना आहे. नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीखाली साचून आत शिरतो, आणि त्याला रंग किंवा वास नसल्यामुळे डोके जड होईपर्यंत, कधी कधी तर शुद्ध हरपेपर्यंत, काहीच कळत नाही. म्हणून त्या वेळात वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूची काच, थंडी वाजली तरी, बोटभर उघडी ठेवावीच. केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीला मात्र हा धोका नाही. तिथे बॅटरी पुरवण्यासाठी शक्यतो आसनाचा हीटर वापरावा.