यवतमाळच्या खेड्यांत खर्ऱ्यावर (सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणावर) संशोधन शिकवणारी कार्यशाळा घ्यायची आहे, आमच्या संस्थेला अनुदान मिळेल का?

मिळू शकतं, पण एकट्याने अर्ज करू नका. सेवाग्राम किंवा यवतमाळच्या मेडिकल कॉलेजातला पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभाग सोबत घ्या. आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) कार्यशाळांना अर्थसाहाय्य देते. जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाचा पैसा मुख्यतः जनजागृती अन् अंमलबजावणीचा, तिथे चकरा मारण्यात अर्थ नाही. असे अर्ज मी लिहिलेत: नुसतं ‘जागृती करू’ लिहिलं की फाईल मागेच पडते. त्यापेक्षा लिहा, पन्नीवर (प्लास्टिकवर) घोटलेला खर्रा प्रश्नावलीत कसा नोंदवायचा (दिवसाला पुड्या किती, एक पुडी किती जणांत, पहिली सकाळी कधी) हे आशाताईंना दोन दिवसांत शिकवू. चहा-नाश्त्याचा आकडा मात्र फुगवू नका. परदेशी निधी हवा असेल, तर आधी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागेल.